अवतरणाचे भान : मुंबईशी निगडित काही विमान-अपघातांचा इतिहास

नव्या मुंबईतील महापे हे गाव ठाणे खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. विमानशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव कोठे आढळत नाही. तथापि पूर्वेकडून मुंबईच्या मुख्य धावपट्टीकडे येणारी विमाने महापे-कोपरखैरणे या पट्ट्यावरून किंवा त्याच्या निकटून जातात व खाडी ओलांडून सांताक्रूझकडे वळतात. या गावापासून धावपट्टीचे टोक सरळ रेषेत सुमारे १४ किलोमीटर अंतरावर आहे. अवतरणाचा मार्ग सामान्यतः तीन अंशांचा असतो. त्या हिशेबाने येथे विमान धावपट्टीच्या पातळीहून सुमारे २४०० फूट उंचीवर असते आणि जमिनीस टेकण्यास तीन-चार मिनिटांचाच अवधी उरलेला असतो.

खालून पाहणाऱ्यास हे दृश्य अत्यंत शांत वाटते. विमानाच्या पुढील कक्षात मात्र हाच काळ सर्वाधिक धावपळीचा असतो. हवामानाची वार्ता ऐकावयाची, नियंत्रकाच्या आज्ञा घेऊन त्यांचा पुनरुच्चार करावयाचा, वारंवारता बदलावयाची, उंचीमापक प्रमाणित दाबावरून स्थानिक दाबावर आणावयाचा, वेग टप्प्याटप्प्याने कमी करावयाचा, पंखांचे फ्लॅप व चाके योग्य वेळी बाहेर काढावयाची, तपासणीची यादी मोठ्याने वाचावयाची आणि हे सर्व चालू असता उतरणे शक्य न झाल्यास पुन्हा वर कसे जावयाचे याचाही विचार मनात तयार ठेवावयाचा. ही कामे पूर्वी बव्हंशी हाताने होत. पुढे त्यांतील मोठा भाग ऑटोपायलटकडे व संगणकाकडे गेला. या स्थित्यंतराने वैमानिकांचा भार हलका झाला की केवळ त्याचे स्वरूप पालटले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. मुंबईकडे येताना किंवा मुंबईहून निघाल्यानंतर अवतरणाच्या काळात घडलेल्या काही अपघातांच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. मराठीतील ‘उतरणे’ या क्रियापदाचा संबंध संस्कृत ‘उत्तृ’ या धातूशी आहे आणि त्याचा मूळ अर्थ पार होणे, तरून जाणे असा आहे. ‘नदी उतरून जाणे’ या प्रयोगात तो अद्याप टिकून आहे. ‘घाट उतरणे’ यातही केवळ खाली येणे अभिप्रेत नसून अवघड वाट सुखरूप संपविणे अभिप्रेत असते. विमानाच्या संदर्भात हा जुना अर्थ ध्यानात ठेवणे उपयुक्त आहे. खाली येणे हे गुरुत्वाकर्षणाचे कार्य आहे. उतरणे हे मनुष्याचे कार्य आहे, व त्यास आपण कोठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि आपले वाहन या क्षणी काय करीत आहे, या तिन्ही गोष्टींचे भान लागते. पुढे वर्णिलेल्या अपघातांत या तिहींपैकी एकेक भान क्रमाने हरपलेले दिसते.

पहिला प्रश्न स्थानाचा. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान बँकॉकहून मुंबईस येत असता जुन्नरजवळ सह्याद्रीच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्वच्या सर्व ९४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. दिवस पावसाळ्याचे होते, वेळ रात्रीची होती आणि विमान केवळ उपकरणांच्या आधारे उतरत होते. मार्गनिश्चितीतील चुकीमुळे आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ पोहोचलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला व त्याने वेळेपूर्वीच उतरण्यास प्रारंभ केला, असा निष्कर्ष चौकशीत काढण्यात आला. उपलब्ध दिशादर्शक साधनांचा वापर करून स्थानाची खातरजमा न करणे, किमान सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडणे आणि मार्गातील भूप्रदेशाचा परिचय नसणे, ही सहायक कारणे म्हणून नोंदविली गेली. सह्याद्रीची पश्चिम बाजू ही एक उभी भिंत आहे. तिच्या अलीकडे जी उंची निर्धास्त असते तीच पलीकडे प्राणघातक ठरते. देशावरून कोकणात येणाऱ्या कोणत्याही वाटसरूस हे सांगावे लागत नाही. परंतु अंधारात, ढगांच्या वर बसलेल्या परदेशी वैमानिकाजवळ हे ज्ञान केवळ नकाशावरील अंकांच्या रूपाने होते.

स्थानाविषयीचा भ्रम नेहमीच प्राणघातक ठरला असे नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरले आणि तिच्या पुढे निघून गेले. प्राणहानी झाली नाही. १९५३ मध्ये एका ब्रिटिश कॉमेट विमानाकडूनही जुहू येथे हीच चूक घडली होती. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या व एकमेकींपासून थोड्याच अंतरावर असल्याने एकदा नजरेने चुकीची खूण पटविली की पुढील सर्व क्रिया बिनचूक होऊनही परिणाम चुकीचाच होत असे.

या मालिकेतील दुसरा मोठा अपघात मुंबईपासून दूर घडला, परंतु ते विमान मुंबईहून निघाले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान दिल्ली व बैरूतमार्गे जिनिव्हास उतरत असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ व्यक्तींचा अंत झाला. डॉ. होमी भाभा त्यांत होते. विमानातील दिशादर्शनाच्या दोन ग्राहकयंत्रांपैकी एक निकामी होते आणि वैमानिकास ते ठाऊक होते. आपण पर्वत ओलांडला आहे असे समजून त्याने आपले स्थान कळविले. रडारवरील नियंत्रकाच्या ध्यानी चूक आली व त्याने पर्वतापर्यंत अजून किती अंतर आहे हे सांगून ती सुधारण्याचा यत्न केला. वैमानिकाने संदेश मिळाल्याची पोच दिली आणि उतरणे चालूच ठेवले. पुरेशी काटेकोर शब्दयोजना नसल्यामुळे दुरुस्तीचा अर्थ वैमानिकास कळला नाही, असे फ्रेंच चौकशी समितीने म्हटले.

भाषेच्या अभ्यासकास या निष्कर्षाचे महत्त्व विशेष वाटावे. नियंत्रकाने जे सांगितले ते सत्य होते, आणि जे सांगावयास हवे होते ते त्यात गर्भितही होते. परंतु ‘तुमचा समज चुकीचा आहे’ हे विधान त्यात नव्हते. श्रोत्याने आपल्या पूर्वग्रहाच्या चौकटीत ते वाक्य बसविले. ऐकल्याची पोच आणि समजल्याची पोच या दोन भिन्न गोष्टी होत. तथापि आकाशवाणीवरील ‘रॉजर’ हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी वापरला जात होता.

दुसरा प्रश्न उंचीचा. जून १९८२ मध्ये मद्रासहून येणारे एअर इंडियाचे ‘गौरीशंकर’ हे बोइंग ७०७ विमान मुसळधार पावसात, रात्री, मुंबईस उतरत असता धावपट्टीवर अतिशय जोराने आदळून उसळले आणि मोडले. १११ पैकी १७ जण दगावले. वैमानिकाने इंजिनाची शक्ती हेतुपुरस्सर कमी केली व त्यामागे उंचीचे भान नसणे हे कारण होते, असा निष्कर्ष निघाला. येथे ‘भान नसणे’ हा शब्दप्रयोग चौकशीच्या निष्कर्षात कारण म्हणून आलेला दिसतो. जुन्नरच्या अपघातात चुकीच्या ज्ञानावर बोट ठेवले गेले होते. आता माहिती समोर उपलब्ध असूनही ती मनात नव्हती, हा मुद्दा पुढे आला.

तिसरा प्रश्न या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, तो यंत्राच्या अवस्थेचा. १४ फेब्रुवारी १९९० रोजी दुपारी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० जातीचे विमान बंगलोरच्या जुन्या विमानतळावर उतरण्यापूर्वीच, धावपट्टीच्या सुमारे २३०० फूट अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. हवा स्वच्छ होती, धावपट्टी डोळ्यांसमोर होती, इंजिने सुस्थितीत होती आणि विमान केवळ काही आठवड्यांपूर्वी सेवेत आलेले होते. पुढे दोन अनुभवी कॅप्टन बसले होते, त्यांपैकी एक दुसऱ्याची परीक्षा घेत होता.

या विमानाची रचना समजून घेतल्याखेरीज अपघात समजत नाही. त्यात इंजिनाची शक्ती स्वयंचलित यंत्रणा ठरवू शकते, आणि ऑटोपायलट बंद करून वैमानिक हाताने विमान चालवीत असला तरीही ती यंत्रणा चालू राहू शकते. तिच्या अनेक अवस्था आहेत. एका अवस्थेत ती ठरावीक वेग राखते. वेग घटू लागला की शक्ती आपोआप वाढते. ‘ओपन डिसेंट’ या दुसऱ्या अवस्थेत इंजिने मंद गतीवर ठेवलेली असतात आणि वेग राखण्याचे काम विमानाच्या नाकाच्या कोनाकडे असते. उंचावरून उतरताना ही अवस्था सोयीची आहे. जमिनीजवळ ती धोक्याची ठरते; कारण उतारमार्ग राखण्यासाठी वैमानिकाने नाक वर घेतले तर वेग घटत जातो आणि इंजिने मात्र मंदच राहतात. बंगलोर येथे हेच घडले.

ही अवस्था शेवटच्या टप्प्यात कशी लागू झाली, याचा निश्चित उलगडा झाला नाही. एक शक्यता चौकशीत विचारात घेण्यात आली. मिनिटास ७०० फूट या गतीने उतरण्याचे ठरले होते. त्यासाठी उतरण्याची गती ठरविणारे बटण फिरवावयाचे असता शेजारचे उंची ठरविणारे बटण फिरविले गेले असावे. बंगलोरच्या त्या विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २९०० फूट आहे. यंत्रास ७०० फूट ही ‘उंची’ दिली गेल्यास ते जमिनीच्या पोटातील ठिकाणाकडे निमूटपणे उतरू लागणार, हे उघड आहे. अंक एकच आणि परिमाणे दोन. व्यवहारात आपण संख्येमागील परिमाण संदर्भाने समजून घेतो; यंत्रास संदर्भ नसतो.

याहून उद्बोधक अशी गोष्ट शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटातील आहे. कक्षातील ध्वनिमुद्रणावरून असे दिसते की विमान ओपन डिसेंटमध्ये आहे हे परीक्षक कॅप्टनच्या ध्यानी आले होते व त्याने तसे बोलूनही दाखविले होते. ऑटोपायलट अजून चालू आहे काय, अशी पृच्छा झाली व तो बंद असल्याचे उत्तर मिळाले. त्यानंतर फ्लाइट डायरेक्टर बंद करण्याविषयी बोलणे झाले. हे दोन्ही बाजूंचे दर्शक बंद झाले असते तर शक्तीची यंत्रणा वेग राखण्याच्या अवस्थेत परतली असती. एक बंद झाला, दुसरा तसाच राहिला. यंत्राची अवस्था हा संभाषणाचा विषय झाला. घटणारा वेग झाला नाही. पारंपरिक विमानांत यंत्रणेने शक्ती कमी केली की थ्रॉटलचे दांडे हाताखाली मागे सरकत. ए-३२० मध्ये ते जागचे हलत नाहीत. त्यामुळे जे पूर्वी तळहातास कळत असे ते आता केवळ पडद्यावर वाचावे लागत होते. धोका कळल्यावर शक्ती वाढविण्यात आली. परंतु मंदावलेल्या इंजिनास पूर्ण जोर धरण्यास काही सेकंद लागतात आणि तेवढे सेकंद उरले नव्हते.

न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्या चौकशी न्यायालयाने संभाव्य कारण पुढीलप्रमाणे मानले : विमान ओपन डिसेंटमध्ये असल्याचे ठाऊक असूनही, आणि चारशे, तीनशे व दोनशे फुटांच्या घोषणा होऊनही, वैमानिकांना परिस्थितीचे गांभीर्य उमगले नाही व त्यांनी तत्काळ थ्रॉटल पुढे केले नाहीत. त्याबरोबरच ही अवस्था का लागू झाली हे निश्चित करणे शक्य नाही, अशीही कबुली देण्यात आली. या दोन विधानांत एक ताण आहे. पहिल्या विधानाने दोष मनुष्याकडे जातो. दुसऱ्याने, मनुष्य व यंत्र यांच्यामध्ये नेमके काय घडले हा प्रश्न उघडाच राहतो. अपघातानंतर इंडियन एअरलाइन्सची ए-३२० विमाने काही महिने जमिनीवर ठेवण्यात आली. परंतु ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द लोकांच्या स्मरणात अधिक सहजपणे राहिले, आणि दोन्ही वैमानिक त्यांस उत्तर देण्यास हयात नव्हते.

दोन वर्षांनी हा प्रश्न केवळ दोन व्यक्तींचा नव्हता याचा प्रत्यय आला. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्गजवळ त्याच जातीचे विमान उतरताना डोंगरावर आदळून ८७ जण ठार झाले. उताराचा कोन ३.३ अंश ठरवावयाचा असता मिनिटास ३३०० फूट ही गती ठरविली गेली असावी, असे अनुमान निघाले. एकाच खिडकीत दोन्ही परिमाणे जवळजवळ सारख्याच अंकांनी दाखविली जात होती. पुढे गती चार अंकांत दाखविण्याची सुधारणा करण्यात आली. दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेच्या माणसांकडून तशाच प्रकारची गफलत होते, तेव्हा तिचे मूळ केवळ स्वभावात शोधून भागत नाही.

या गफलतीची उपपत्ती तत्पूर्वीच मांडली गेली होती. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने असे दाखविले की क्वचित घडणाऱ्या खुणेकडे डोळे लावून बसलेल्या मनुष्याची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच ओसरू लागते. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी स्वयंचलनातील विसंगतींवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रतिपादन असे की सोपी कामे यंत्राकडे गेल्यावर मनुष्याकडे दोन कामे उरतात : यंत्रावर लक्ष ठेवणे आणि यंत्र अपुरे पडेल तेव्हा सूत्रे हाती घेणे. पहिल्या कामास मनुष्य स्वभावतः अयोग्य आहे, आणि दुसऱ्यासाठी लागणारे कौशल्य तो वापराअभावी गमावीत असतो. अवतरणाच्या बाबतीत यात आणखी एक भर घालता येईल. लांबच्या उड्डाणात काम थोडे असते तेथे यंत्र ते आणखी कमी करते. उतरताना काम आधीच फार असते तेथे यंत्रास नव्या आज्ञा देणे व त्याची अवस्था ताडून पाहणे हे काम वाढते.

तथापि यावरून स्वयंचलन हेच संकट होय असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जुन्नरच्या डोंगरावर विमान आदळले तेव्हा जमीन जवळ येत असल्याची सूचना देणारे यंत्र अस्तित्वात नव्हते. १९७० नंतरच्या दशकात ते प्रचारात आले आणि अंधारात डोंगरावर आदळण्याचे प्रकार जगभर पुष्कळ घटले. ज्या यंत्राने आपली अवस्था बोलून दाखविली त्याने प्राण वाचविले. ज्याने ती पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरांनी लिहून ठेवली त्याने मनुष्यावर वाचनाचा भार टाकला.

या संदर्भात महाराष्ट्रातीलच एका जुन्या व्यवस्थेचे स्मरण होते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातील रेल्वेमार्गाचा उतार ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. उतरणारी गाडी अनावर झाल्यास तिला चढाच्या आडमार्गावर घेऊन थोपविण्याची तजवीज तेथे करण्यात आली. गाडी काबूत असल्याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग द्यावयाचा, हे त्या व्यवस्थेचे तत्त्व होय. म्हणजे गाडी अनावर आहे असे गृहीत धरून आरंभ करावयाचा आणि ती काबूत असल्याचे सिद्ध करण्याचा भार गाडीवर टाकावयाचा. ओपन डिसेंटमध्ये याच्या उलट होते. काहीच केले नाही तर इंजिने मंद राहत आणि विमान खाली जात राही. धोका ओळखण्याचा सर्व भार दोन माणसांच्या लक्षावर होता.

विमानसंस्थांनी पुढे जे नियम केले त्यांत हेच तत्त्व वेगळ्या रूपाने आलेले दिसते. ठरावीक उंचीवर वेग, मार्ग, शक्ती व फ्लॅप ही सर्व ठरलेल्या मर्यादेत नसतील तर उतरण्याचा प्रयत्न सोडून वर जावयाचे, हा नियम आडमार्गाच्या सांध्यासारखाच आहे. अमेरिकेत १९८१ पासून दहा हजार फुटांखाली अनावश्यक संभाषणास बंदी करण्यात आली. यंत्राच्या अवस्थेतील प्रत्येक बदल मोठ्याने उच्चारण्याची व सहकाऱ्याने त्यास दुजोरा देण्याची पद्धत रूढ झाली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात उतरणारे कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले, दोन विमानांची टक्कर झाली व ३४९ जणांचा बळी गेला. त्यानंतर वैमानिकांच्या भाषाज्ञानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर ऐरणीवर आला. या सर्व उपायांत एक समान सूत्र आहे : भान हे मनात असून पुरत नाही, ते उच्चारले जावे लागते.

उच्चारलेले ऐकलेही जावे लागते, हा धडा मात्र महाग पडला. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीपलीकडील दरीत कोसळून १५८ जण मृत्यू पावले. कॅप्टन प्रवासाचा मोठा भाग झोपलेला होता, विमान आरंभापासून अधिक उंचावरून येत होते, आणि वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने तीन वेळा केली होती. येथे स्थान ठाऊक होते, उंची ठाऊक होती, यंत्राची अवस्थाही ठाऊक होती. वरिष्ठाने कनिष्ठाचे शब्द प्रमाण मानले नाहीत.

१९६२ ते २०१० या काळातील ही मालिका एकत्र पाहिली असता असे दिसते की वैमानिकाचा भार कमी झाला नाही. तो हाताकडून डोळ्याकडे आणि डोळ्याकडून वाणीकडे सरकत गेला. चौकशीची भाषाही तिच्याबरोबर बदलावयास हवी होती. ‘मानवी चूक’ या संज्ञेने घटनेचा शेवट सांगितला जातो, आरंभ नव्हे. सातशे हा अंक कोणत्या परिमाणाचा, दांडा हलत का नाही, ‘रॉजर’चा अर्थ काय, हे प्रश्न विचारले गेले तेथे सुधारणा झाली. जेथे केवळ दोषी व्यक्तीचे नाव शोधले गेले तेथे तोच अपघात दुसऱ्या ठिकाणी पुन्हा घडण्यास वाव राहिला.

२५ डिसेंबर २०२५ पासून उलवे येथील नव्या विमानतळावर प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि खाडीच्या दोन्ही बाजूंस आता विमाने उतरू लागली आहेत. महाप्याच्या आकाशातून जाणाऱ्या प्रत्येक विमानात त्या तीन-चार मिनिटांत दोन माणसे एकमेकांस अंक आणि अवस्था सांगत असतात व ऐकत असतात. खालच्या वस्तीस त्यांतील एक अक्षरही ऐकू येत नाही. परंतु तिची सुरक्षितता त्या संभाषणाच्या अचूकपणावर अवलंबून आहे.